युद्धनौका खरोखर किती सज्ज आहे? अमेरिकी नौदलाच्या ‘इन्सर्व्ह’ तपासणीचे परीक्षण

जहाजाच्या तपासणीकडे एक सेवा म्हणून पाहिले, तर तिचा दर्जा दोन गोष्टींवरून ठरवावा असे माझे मत आहे. तपासणारा माणूस यंत्रासमोर उभा राहून ते प्रत्यक्ष चालवून पाहतो का, आणि त्याला जे दिसले ते पुढे कोणाच्या हाती पडते. अमेरिकी नौदलाचे ‘बोर्ड ऑफ इन्स्पेक्शन अँड सर्व्हे’, म्हणजेच ‘इन्सर्व्ह’, पहिल्या कसोटीवर उत्तम उतरते. दुसऱ्या कसोटीवर ते बरीच वर्षे नापास होत होते. अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्याला अर्ध्यावर आणून सोडले आहे. मी व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली आणि नंतर सर्व्हेअर म्हणून काम केले, त्यामुळे तपासून घेणारा आणि तपासणारा या दोन्ही नात्यांनी हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. हे परीक्षण त्या नजरेतून, आणि अमेरिकी कायदा, तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचे (गाओ) अहवाल व मंडळाची जाहीर कागदपत्रे वाचून लिहिले आहे.

या मंडळाचा पाया 1882 सालच्या कायद्यात आहे, आणि तो कायदा का करावा लागला हे समजल्याशिवाय मंडळाचे मोल कळत नाही. यादवी युद्ध संपून सतरा वर्षे झाली होती. अमेरिकेच्या ताफ्यात जुन्या लाकडी नौका कुजत पडल्या होत्या आणि त्यांच्या डागडुजीच्या नावाखाली गोद्यांमध्ये पैसा ओतला जात होता. 5 ऑगस्ट 1882 च्या कायद्याने दंडक घातला की, एखाद्या लाकडी जहाजाच्या दुरुस्तीचा अंदाजे खर्च तशाच नव्या जहाजाच्या किमतीच्या 30 टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती दुरुस्ती करूच नये. पुढच्याच वर्षी ही मर्यादा 20 टक्क्यांवर आणली गेली. कोणते जहाज ठेवण्याच्या लायकीचे आहे आणि कोणते यादीतून काढावे हे ठरवायला नौदल अधिकाऱ्यांची मंडळे नेमण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. जहाजाशी ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही अशा माणसाने ते पाहावे, हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. जहाजाचा कॅप्टन, त्याला दुरुस्त करणारी गोदी आणि ताफ्याचा प्रमुख या तिघांनाही जहाज ‘ठीक आहे’ असे म्हणण्याचा मोह असतो.

आज मंडळाचे मुख्यालय व्हर्जिनिया राज्यात लिटल क्रीक येथे आहे आणि त्याचा अध्यक्ष साधारणपणे रिअर ॲडमिरल दर्जाचा अधिकारी असतो. त्याच्याकडे मुख्यतः दोन कामे आहेत. नवे जहाज बांधणाऱ्या कंपनीकडून नौदलाने ताब्यात घेण्यापूर्वी स्वीकृती चाचण्या करणे, हे एक. आणि सेवेतल्या प्रत्येक नौकेची, शक्य असेल तर, किमान दर तीन वर्षांनी तपासणी करणे, हे दुसरे. ‘शक्य असेल तर’ हे शब्द कायद्यातलेच आहेत, आणि कोणत्याही जुन्या सर्व्हेअरला ते खटकतील.

तपासणीची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. कागद तपासणे आणि जहाज तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या मंडळाला पक्के ठाऊक आहे. निरीक्षकांचे पथक जहाजावर चढते, जहाज समुद्रात नेले जाते आणि यंत्रांकडून त्यांची पूर्ण ताकद मागितली जाते. उदाहरणादाखल आर्ली बर्क वर्गातली विनाशिका घ्या. तिच्यात चार गॅस टर्बाइन, दोन शाफ्ट आणि पाती फिरवून रेट्याची दिशा बदलता येणारे दोन पंखे (प्रोपेलर) असतात. चारही टर्बाइन पूर्ण शक्तीवर नेऊन जहाज ठरलेला वेळ त्या वेगाने पळवले जाते आणि त्या वेळात तेलाचा दाब, बेअरिंगांचे तापमान, कंपने, गळती हे सगळे नोंदवले जाते. मग पूर्ण वेगात असतानाच ‘पूर्ण मागे’ असा हुकूम सुटतो. शाफ्ट त्याच दिशेने फिरत राहतात, पंख्यांची पाती उलटतात, नऊ हजार टनांचे धूड थरथरत थांबते आणि मागे सरकू लागते. पाती उलटवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेत कुठे खोट असेल, पंख्याचा रेटा पेलणारा एखादा थ्रस्ट बेअरिंग गरम होत असेल, तर तो दोष या काही क्षणांत बाहेर पडतो. बंदरात बांधलेल्या जहाजावर तो महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

सुकाणूचीही अशीच परीक्षा होते. व्यापारी जहाजांसाठी ‘सोलास’ या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे की, पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांच्या आत गेले पाहिजे. ही चाचणी सुकाणूच्या खोलीत उभे राहून मी अनेकदा पाहिली आहे. घड्याळ हातात असले की पंपाची खरी प्रकृती कळते. चालकाने ‘काही अडचण नाही’ म्हटल्याने ती कळत नाही. युद्धनौकेवर याच्या जोडीला नांगर सोडून ब्रेक लावून पाहणे, आगीच्या पाण्याच्या लाइनला पुरेसा दाब मिळतो का ते मोजणे, आणि लक्ष्य हेरण्यापासून त्यावर मारा करण्यापर्यंतची साखळी तपासणे हेही असते.

जलरोधक दरवाजाची तपासणी तर साध्या खडूने होते. चौकटीच्या धारेवर खडू फिरवायचा, दरवाजा बंद करून पक्का आवळायचा आणि पुन्हा उघडून रबराच्या पट्टीकडे पाहायचे. पट्टीवर खडूची सलग रेघ उमटली असेल तर दरवाजा पाणी अडवेल. रेघ जिथे तुटली असेल तिथून पाणी आत येईल. या चाचणीत वाद घालायला जागाच नसते. लाखो डॉलरच्या रडारइतकेच लक्ष या रबरी पट्टीकडे दिले जाते, याबद्दल मला या पद्धतीविषयी आदर वाटतो, कारण जहाजाला भोक पडल्यावर माणसे वाचवते ती ही पट्टी.

स्वीकृती चाचण्यांत सापडलेल्या दोषांची कार्डे बनतात आणि त्यांतल्या गंभीर दोषांवर ताऱ्याची खूण केली जाते. असा तारांकित दोष ताबा घेण्यापूर्वी दुरुस्त झाला पाहिजे, नाहीतर नौदलप्रमुखांनी त्यातून लेखी सूट दिली पाहिजे. पद्धत म्हणून हे चोख आहे. अडचण सूट देण्यात आहे. गाओने जुलै 2017 च्या अहवालात दाखवून दिले की अपुरी कामे आणि दर्जाचे दोष शिल्लक असतानाच नौदल जहाजे ताब्यात घेते आणि ताफ्याकडे सोपवते. मंडळाने नापसंती नोंदवली तरी जहाज घ्यायचे की नाही हे मंडळ ठरवत नाही. जहाज उशिरा मिळण्यापेक्षा अपुरे मिळालेले बरे, असा हिशेब वरच्या पातळीवर झाला की निरीक्षकाची ताऱ्याची खूण कागदावरच राहते. हा दोष मंडळाचा नव्हे. पण ग्राहक म्हणून या सेवेकडे पाहणाऱ्याने तिच्या अधिकाराची सीमा ओळखून असले पाहिजे.

सेवेतल्या जहाजांना गुण दिले जातात. मुख्य इंजिने, वीज, आग व बुडण्यापासून बचाव, शस्त्रे, संपर्क, राहण्याची व्यवस्था अशा कार्यक्षेत्रांना आणि पूर्ण शक्तीच्या धावेसारख्या प्रात्यक्षिकांना वेगवेगळे गुण मिळतात, आणि त्यांची भारित सरासरी काढून जहाजाचा एकच आकडा तयार होतो. या एका आकड्याविषयी मी साशंक आहे. एखाद्या जहाजाची बहुतेक क्षेत्रे उत्तम आहेत आणि आगीच्या पाण्याचे पंप मात्र धड नाहीत, असे समजा. सरासरी काढली की ते जहाज चांगल्यांत जमा होते, पण आग लागेल तेव्हा ती सरासरीला लागणार नाही. तुलनेसाठी आणि वर्षानुवर्षांचा कल पाहण्यासाठी एक आकडा सोयीचा असतो हे मान्य. निर्णय घेताना मात्र सर्वांत कमी गुण कोठे आहेत तेच आधी पाहावे, आणि क्षेत्रवार गुण नोंदवून मंडळाने ती सोय ठेवली आहे हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

या सेवेची खरी दुखणी दोन होती. पहिले म्हणजे, तपासणीची तारीख खूप आधीपासून ठाऊक असे. तारीख माहीत असली की काय होते ते जहाजावर काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. लग्नघरासारखी रंगरंगोटी सुरू होते, रजा रद्द होतात, महिनोन्‌महिने रखडलेले सुटे भाग एकाएकी येऊ लागतात, आणि जे येत नाहीत ते शेजारच्या जहाजावरून उसने आणले जातात. उसना आणलेला पंप तपासणीत उत्तीर्ण होतो. ज्या जहाजावरून तो काढला ते मात्र पंपाविना बंदरात उभे राहते. मोजणी झाली, पण ती त्या दिवसाची झाली. ज्या दिवशी युद्धाला निघायचे असेल त्या दिवसाविषयी ती काहीच सांगत नाही. जहाजांवरून असे भाग काढून दुसरीकडे बसवण्याचे प्रमाण हा किरकोळ मुद्दा नव्हे. गाओने 2023 च्या जानेवारीत दहा प्रकारच्या युद्धनौकांचा 2011 ते 2021 या आर्थिक वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात ही उसनवारी आणि गंभीर बिघाडांच्या नोंदी दोन्ही वाढल्याचे दिसते.

दुसरे दुखणे गुप्ततेचे. 2008 साली ‘चोसिन’ ही क्रूझर आणि ‘स्टाउट’ ही विनाशिका तपासणीत इतक्या वाईट रीतीने नापास झाल्या की, त्या दीर्घकाळ लढण्यास योग्य नाहीत असा शेरा पडला, आणि ही बातमी वृत्तपत्रांत आली. नौदलाने यावर जे केले ते मला आजही पटत नाही: तपासणीचे अहवाल गोपनीय करून टाकले. शत्रूला आपल्या उणिवा कळू नयेत हा युक्तिवाद पोकळ नाही, तो मी समजू शकतो. पण अहवाल झाकल्यावर जहाजांची प्रकृती सुधारली नाही. 2010 साली निवृत्त व्हाइस ॲडमिरल फिलिप बॅलिल यांच्या समितीने पृष्ठभागावरील ताफ्याची सज्जता घसरत असल्याचे नोंदवले. त्यानंतरही घसरणीचा हिशेब मागणारे बाहेरचे डोळे बंदच राहिले.

ते उघडले 2017 मध्ये दोन विनाशिकांच्या व्यापारी जहाजांशी झालेल्या टकरींनी. 17 जूनला ‘फिट्झगेराल्ड’वर 7 आणि 21 ऑगस्टला ‘जॉन एस. मकेन’वर 10 नौसैनिक मृत्युमुखी पडले. या टकरी यंत्रे जुनी झाल्यामुळे झाल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. प्रशिक्षण, थकवा आणि नेतृत्व ही त्यांची मोठी कारणे होती. परंतु त्यांच्यामुळे काँग्रेसने ताफ्याच्या सज्जतेचा संपूर्ण प्रश्न हाती घेतला आणि ऑगस्ट 2018 मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्यात, ज्याला सिनेटर मकेन यांचे नाव होते, इन्सर्व्हविषयी दोन बदल केले. 1 जानेवारी 2020 पासून होणारी प्रत्येक तपासणी जहाजाच्या कर्मचाऱ्यांना कमीत कमी पूर्वसूचना देऊन करावी, हा पहिला. दुसरा बदल असा की, मंडळाचा वार्षिक अहवाल गोपनीय नसावा आणि आणखी काही न खोडता जनतेला देता येईल अशा रूपात तो काँग्रेसच्या समित्यांना सादर व्हावा. या दोन वाक्यांनी सेवेचा दर्जा जितका उंचावला, तितका कोणत्याही नव्या उपकरणाने उंचावला नसता.

जाहीर अहवालात काय असावे तेही कायद्याने सांगितले आहे: ठरलेल्या निकषांशी ताडून सज्जतेचे एकंदर वर्णन, मागच्या वर्षात तपासलेल्या जहाजांची संख्या आणि प्रकार, आणि क्षेत्रवार गुणांचा मागील पाच वर्षांशी तुलना करणारा कल. कल मिळतो ही मोठी गोष्ट आहे, कारण एका वर्षाचा गुण फसवू शकतो आणि पाच वर्षांची उतरती रेघ सहसा फसवत नाही. पण कोणत्या जहाजाला किती गुण मिळाले हे सांगण्याचे बंधन कायदा घालत नाही.

इथे व्यापारी जहाजांच्या तपासणीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही, आणि त्या तुलनेचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. परदेशी व्यापारी जहाज बंदरात आले की त्या देशाचा निरीक्षक न सांगता त्यावर चढू शकतो. हिंदी महासागरातल्या देशांनी यासाठी केलेला सामंजस्य करार 1 एप्रिल 1999 पासून अमलात आला आणि त्याचे सचिवालय गोव्यात आहे. निरीक्षकाला गंभीर दोष आढळला तर जहाज अडवून ठेवले जाते, आणि अडवलेल्या जहाजाचे नाव, ध्वज आणि दोष जाहीर होतात. एखाद्या कंपनीचे जहाज अडकले की मालवाहतुकीचे सौदे करणाऱ्यांना ते लगेच समजते. मी ज्या काळात काम केले त्या काळात ‘डिटेन्शन’ या शब्दाचा धसका जहाजाच्या मालकापासून फिटरपर्यंत सर्वांना असे, आणि त्या धसक्यामुळे लाइफबोटीचे इंजिन दर आठवड्याला खरोखर सुरू करून पाहिले जाई. युद्धनौकेला हीच उघड पद्धत जशीच्या तशी लावता येणार नाही. तरीही एखाद्या जहाजाचे गुण त्याची पुढची तपासणी झाल्यावर, म्हणजे साधारण तीन वर्षांनी, नावासह प्रसिद्ध करायला काय हरकत आहे? तोवर त्या उणिवा एकतर दुरुस्त झालेल्या असतील किंवा दुरुस्त न करणाऱ्यांनी उत्तर द्यायला हवे असेल.

इन्सर्व्ह काय मोजत नाही तेही वाचकाने ध्यानात घ्यावे. ते जहाजाची भौतिक स्थिती मोजते. ते चालवणाऱ्यांची तयारी मोजण्याचे काम इतर यंत्रणांचे आहे. 2017 च्या जूनमध्ये जपानस्थित क्रूझर आणि विनाशिकांच्या कर्मचाऱ्यांची 37 टक्के युद्धविषयक प्रमाणपत्रे मुदत उलटलेली होती, असे गाओने सांगितले होते. ‘मकेन’वरचा टचस्क्रीनचा नियंत्रण फलक चालू होता, तो हाताळणाऱ्यांना त्या क्षणी कोणता पंखा कोणाच्या ताब्यात आहे ते उमगले नाही. पुढे नौदलाने विनाशिकांवर पुन्हा हाताने ओढायचे थ्रॉटल बसवण्याचा निर्णय घेतला. असा फलक यंत्र म्हणून उत्तीर्ण झाला तरी जहाज सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, आणि चांगल्या गुणांचा अर्थ लावताना हा फरक विसरला की फसगत होते.

भारताचा या मंडळाच्या कामाशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. जहाज यादीतून काढावे की नाही, हा इन्सर्व्हचा 1882 पासूनचा मूळ प्रश्न. आणि अमेरिकेने असे काढून टाकलेले ‘ट्रेंटन’ हे 1971 साली सेवेत आलेले जहाज भारताने विकत घेतले. 22 जून 2007 रोजी ते ‘आयएनएस जलाश्व’ या नावाने आपल्या नौदलात आले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2008 मध्ये या खरेदीवर ताशेरे ओढले. जहाजाच्या प्रत्यक्ष स्थितीचे नीट मूल्यमापन न करता व्यवहार घाईने उरकला, असा त्यांचा आक्षेप होता. जलाश्वने पुढे चांगली सेवा दिली हे खरे आहे. मे 2020 मध्ये मालदीवमधून 698 भारतीयांना तिनेच कोचीला आणले. पण जुने जहाज घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या तपासणीचे कागद मागावेत आणि शिवाय आपला माणूस त्या जहाजाच्या दुहेरी तळात उतरवावा, हा नियम प्रत्येक सर्व्हेअर पहिल्या वर्षी शिकतो. सरकारी खरेदीला त्यातून सूट असू नये.

मुंबईकरांना तर हा विषय दूरचा वाटू नये. 26 फेब्रुवारी 2014 रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी मरण पावले आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. दुरुस्तीनंतरच्या सरावासाठी ती पाणबुडी समुद्रात गेली होती. 2007 पासूनच्या सुमारे नऊ वर्षांत भारतीय नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना 38 अपघात झाले, त्यांत 33 जीव गेले, असे कॅगने 2017 च्या अहवालात नोंदवले. आपल्या नौदलातही तपासण्या होतात, सरावानंतर परीक्षा होते, माझगाव डॉकमधून जहाज ताब्यात घेताना उरलेल्या कामांची यादी बनते आणि त्यावर सह्या होतात. ही माणसे कष्टाळू आणि जाणकार आहेत, त्यांच्यापैकी काहींबरोबर मी काम केले आहे. आपल्याकडे जे नाही ते म्हणजे, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी ठरलेल्या तारखेला, गोपनीय नसलेल्या स्वरूपात, ताफ्याच्या भौतिक स्थितीचा पाच वर्षांचा कल मांडलाच पाहिजे असे सांगणारा कायदा. कॅगचा अहवाल अपघातांची बेरीज झाल्यावर येतो. इन्सर्व्हसारखा अहवाल, नीट वाचला तर, त्याच्या आधी येऊ शकतो.

या सेवेची शिफारस मी करेन ती अटींसह: तपासणी कमीत कमी पूर्वसूचनेने व्हावी, सर्वांत कमी गुणांचे क्षेत्र अहवालाच्या पहिल्या पानावर असावे, दोषातून सूट देणाऱ्या अधिकाऱ्याने तिचे कारण सहीनिशी लिहावे, आणि जहाजवार गुण ठरावीक मुदतीनंतर खुले व्हावेत. पहिली अट अमेरिकेने कायद्यात लिहून घेतली आहे; उरलेल्या तीन आपल्या स्थायी समितीने मागितल्या तर त्यांसाठी नवे मंडळही लागणार नाही, नौदलाकडे आज असलेल्या तपासणी पथकांच्या नोंदींतूनच तो अहवाल तयार होऊ शकेल.